वाचकांचे प्रश्न : सूत्रे पाठ आहेत, तरी संभाव्यतेचे गणित अडते

प्रश्न : मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला असून या सत्रात आम्हाला संख्याशास्त्र व संभाव्यता हा विषय आहे. कॅलक्युलसमध्ये मला चांगले गुण मिळतात आणि संभाव्यतेची सूत्रेही सगळी पाठ आहेत. परंतु शाब्दिक उदाहरण समोर आले की बेरीज करायची, गुणाकार करायचा की सशर्त संभाव्यतेचे सूत्र लावायचे, हेच उमगत नाही. सोडवलेले उत्तर वाचले की मात्र ते अगदी सोपे वाटते. नेमके काय चुकते आहे?

उत्तर : तुमची अडचण सूत्रांची नसून सूत्राआधीच्या कामाची आहे. कॅलक्युलसच्या बहुतेक उदाहरणांत काय करायचे ते प्रश्नच सांगून टाकतो. संभाव्यतेत मात्र प्रयोग कोणता, त्याचे सगळे संभवनीय निकाल कोणते आणि त्यांतले आपल्याला हवे असलेले कोणते, हे आधी साध्या भाषेत ठरवावे लागते, आणि पाठांतर नेमके तिथेच निरुपयोगी ठरते. म्हणून वहीत पहिले चिन्ह मांडण्यापूर्वी ‘कशापैकी?’ या प्रश्नाचे उत्तर एका पूर्ण वाक्यात लिहावे, असे माझे सांगणे आहे.

हा गोंधळ विषयाइतकाच जुना आहे. सतराव्या शतकातील फ्रान्समधले शेव्हालिए द मेरे यांच्या लक्षात आले होते, की एक फासा चार वेळा टाकून किमान एकदा सहा पडेल अशी पैज लावणे फायद्याचे असते; मग दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा पडतील, ही पैज तोट्याची का, हे कोडे त्यांना सुटेना. त्यांच्या दृष्टीने ४/६ आणि २४/३६ सारखेच होते. परंतु संभाव्यतांची अशी बेरीज, त्या घटना एकाच वेळी घडू शकत नसतील तरच चालते, आणि चार फेकींत सहा दोनदा किंवा तीनदाही पडू शकतो. याच हिशेबाने सहा फेकींत सहा पडणे निश्चित ठरले असते, आणि तसे नसते हे फासे खेळलेल्या कोणालाही ठाऊक आहे! आता ‘कशापैकी?’ असे विचारून पाहा. चार फेकींचे एकूण निकाल ६×६×६×६ म्हणजे १,२९६, एकदाही सहा नसलेले निकाल ५×५×५×५ म्हणजे ६२५, उरले ६७१. म्हणून संभाव्यता ६७१/१,२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. दोन फाशांच्या चोवीस फेकींसाठी ३५/३६ चा चोविसावा घात १ मधून वजा केला की सुमारे ०.४९१ येतात. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आलेला आहे, आणि संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात सहसा त्याच पत्रव्यवहारापासून मानली जाते.

सशर्त संभाव्यतेत, म्हणजे एक गोष्ट घडल्याचे ठाऊक असताना दुसरीची संभाव्यता काढताना, तर छेद बदलणे हाच सगळा विषय आहे. समजा, १,००० माणसांपैकी १० जणांना एक आजार आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी १० टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. ज्याची चाचणी होकारार्थी आली तो खरोखर आजारी असण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण पटकन ९० टक्के म्हणतात. माणसे मोजा : आजारी १० पैकी ९ जण होकारार्थी, निरोगी ९९० पैकी ९९ जण होकारार्थी, मिळून १०८. त्यांपैकी खरे आजारी ९, म्हणजे बारांत एक. पहिल्या ९० टक्क्यांचा छेद आजारी माणसांचा होता, तर विचारलेल्या प्रश्नाचा छेद होकारार्थी आलेल्यांचा आहे. बेझचे सूत्र हेच काम करते; परंतु सुरुवातीचे काही आठवडे ते बाजूला ठेवून अशी माणसे मोजण्याचीच सवय केलेली बरी, मग सूत्र आपोआप हाताशी येते.

उत्तर वाचून सोपे वाटणे ही मोठी फसवणूक आहे, कारण कठीण निवड लेखकाने आधीच केलेली असते. उत्तर झाकून तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सोडवावे.

प्रश्न : स्वतंत्र घटना आणि परस्पर अपवर्जी घटना यांत माझी नेहमी गल्लत होते. फरक कसा लक्षात ठेवावा?

उत्तर : दोन्हींची संभाव्यता शून्याहून अधिक असेल, तर एकच जोडी स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जी अशी दोन्ही असूच शकत नाही; एक घडली की दुसरी घडणारच नाही असे कळणे, ही दुसरीविषयीची मोठीच माहिती झाली. स्वातंत्र्य बहुधा नुसत्या नजरेने ओळखू येत नाही; दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांच्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी आहे का, हे तपासावे लागते. फाशावर सम संख्या येणे (१/२) आणि ४ किंवा त्याहून लहान संख्या येणे (२/३) या घटना एकत्र घडतात त्या २ आणि ४ वर, म्हणजे १/३. गुणाकारही १/३ च येतो, म्हणून त्या स्वतंत्र. ‘४’ ऐवजी ‘३’ घ्या : एकत्र घडण्याची संभाव्यता १/६, गुणाकार १/४, आणि स्वातंत्र्य गेले.

प्रश्न : नमुन्याचे विचरण (आकड्यांच्या पसरणीचे माप) काढताना n ने न भागता n − १ ने का भागतात? आमच्या वर्गात ‘स्वातंत्र्याच्या मात्रा’ एवढेच उत्तर मिळाले.

उत्तर : ते उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. २, ४ आणि ९ हा नमुना घ्या. मध्य ५, विचलने −३, −१ आणि ४, वर्गांची बेरीज २६. आता ज्या समष्टीतून (संपूर्ण समूहातून) हा नमुना आला तिचा खरा मध्य ६ आहे असे समजा. त्यापासूनची विचलने −४, −२ आणि ३, आणि वर्गांची बेरीज २९. खरा मध्य कोणताही असो, ही बेरीज २६ पेक्षा कमी होणार नाही, कारण विचलनांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान होते ती नमुन्याच्या स्वतःच्या मध्यापासून. खरा मध्य ठाऊक नसल्यामुळे आपण नमुन्याचाच मध्य वापरतो आणि पसरण कमी मोजतो. n − १ ने भागले की ती तूट सरासरीने बरोबर भरून निघते. विचलनांची बेरीज नेहमी शून्य असल्याने दोन कळली की तिसरे ठरलेलेच असते, आणि तुमच्या वर्गातल्या ‘मात्रा’ त्या ह्याच.

प्रश्न : पी-मूल्य ०.०२ आले, तर शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता २ टक्के, असे मी लिहिले आणि गुण गेले. का?

उत्तर : वर चाचणीच्या उदाहरणात जो छेद उलटा झाला, तोच इथेही झाला आहे. शून्य परिकल्पना म्हणजे तपासायला घेतलेले गृहीतक, आणि पी-मूल्य म्हणजे ते खरे धरल्यास हाती आला तितका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता. समजा, एक नाणे दहा वेळा उडवले आणि नऊ वेळा छाप पडली; इथे शून्य परिकल्पना ‘नाणे निःपक्ष आहे’ ही. नाणे निःपक्ष असेल तर एकूण १,०२४ निकालांपैकी नऊ किंवा दहा छापांचे ११ आणि तितक्याच काट्यांचे ११, मिळून २२ निकाल इतके किंवा याहून टोकाचे असतात. म्हणून पी-मूल्य सुमारे ०.०२१. हा सगळा हिशेब नाणे निःपक्ष आहे असे धरूनच केलेला आहे, त्यामुळे ते निःपक्ष असण्याची संभाव्यता त्यातून निघू शकत नाही. तुमच्यासारखीच चूक संशोधकांच्या हातूनही इतक्यांदा होते, की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून पी-मूल्य हे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता मोजत नाही, असे स्पष्ट केले.

उत्तरपत्रिकेत असे लिहावे : ‘नाणे निःपक्ष असते, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल सुमारे २ टक्के वेळा मिळाला असता, ५ टक्क्यांची मर्यादा आधीच ठरवलेली असल्याने ती परिकल्पना आपण नाकारतो.’ छापा आठच पडल्या असत्या तर पी-मूल्य सुमारे ०.१०९ आले असते आणि परिकल्पना नाकारता आली नसती. तेव्हाही ‘नाणे निःपक्ष असल्याचे सिद्ध झाले’ असे लिहू नये, कारण बऱ्यापैकी कलते नाणेसुद्धा अवघ्या दहा फेकींत सहज निसटून जाते.