प्लानित्साची लांब उडी म्हणजे नुसती वाऱ्याची करामत आहे का?

तुम्ही विचारलंय, ‘स्लोव्हेनियातल्या रातेचे गावाजवळच्या प्लानित्साला स्की जम्पिंग बघायला जावं का? आणि दोनशे मीटरची उडी म्हणजे शेवटी वाऱ्याचीच कृपा ना?’ जावं, जरूर जावं. पण हे ‘वाऱ्याची कृपा’ प्रकरण ऐकलं की मला राहवत नाही.

तिथली टेकडी, म्हणजे उडीचा उतार, हिशेबाने बांधलेली आहे. १९३४ ची मोठी टेकडी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो स्टांको ब्लाउडेक विमानांचे आराखडे करणारा इंजिनिअर होता. तिथेच १९३६ मध्ये अठरा वर्षांच्या सेप ब्राडलने १०१ मीटर उडी मारली. शंभरी पार करणारा तो जगात पहिला. शेजारची लेटालनित्सा ही त्याहून मोठी टेकडी गोरिशेक बंधूंनी १९६९ मध्ये उभी केली.

आता नीट बघा. बर्फाच्या दोन खाचांतून खेळाडू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो. टेकऑफची कड खाली झुकलेली असते, साधारण अकरा अंश. म्हणजे वर उसळायचं ते फक्त पायांच्या जोरावर. घाई केली तर कड येण्याआधीच जोर संपतो, उशीर झाला तर पायाखाली रेटायला काही उरत नाही. पुढे हवेत शरीर मागे राहिलं तर छाती ब्रेकसारखी अडते, आणि फार पुढे झुकलं तर स्कीची टोकं खाली जातात. खालची जमीनही उताराने घसरतच असते, म्हणून उतरताना दणका कमी बसतो. पण उतार सपाट व्हायला लागला की तोच दणका भयंकर होतो. २० मार्च २००५ ला लेटालनित्सावर ब्योर्न आयनार रोमोरेनने २३९ मीटरचा विश्वविक्रम केला. त्याच दिवशी यान्ने अहोनेन २४० वर उतरला आणि पडला, म्हणून ती उडी विक्रमात धरली नाही. त्याला वाऱ्याने नाही पाडलं, तो टेकडीच्या मापाबाहेर गेला होता. २०१५ च्या स्पर्धेआधी टेकडी नव्याने आखली, म्हणून तर २०२५ मध्ये डोमेन प्रेव्हत्स २५४.५ मीटरवर उभा राहू शकला.

शिवाय गुण बघा. समोरचा वारा उचलतो, म्हणून त्याचे गुण कापतात. पाठीमागचा दाबतो, म्हणून देतात. लेटालनित्सावर उडीच्या दर मीटरला १.२ गुण. पाच पंचांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून मधले तीन धरतात, आणि एक पाय पुढे घेऊन न उतरणाऱ्याला ते सोडत नाहीत. ‘वारा मिळाला म्हणून जिंकला’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

एक मान्य: अचानक आलेला झोत कुठल्याही हिशेबात पूर्ण बसत नाही. म्हणूनच दिवा लाल ठेवून खेळाडूला वर सुरुवातीच्या बसायच्या दांडीवरच थांबवतात.

स्पर्धा मार्चअखेर असते. राहायला क्रांस्का गोरा बघा, तिथून प्लानित्सा जवळ आहे. स्पर्धा नसेल त्या दिवशी टेकडीच्या बाजूच्या पायऱ्या चढून टेकऑफजवळ जा आणि खाली बघा. सकाळी दरीत ऊन उशिरा येतं, थर्मल घालाच.