मराठीत बोललं तरी रेकॉर्ड होतंच

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एका आईंचं पत्र आलंय. व्हिजिटर व्हिसावर लेकाकडे आल्या आणि महिना उलटायच्या आत घरावर हे संकट. प्रश्न पुष्कळ विचारलेत, पण मी एकालाच धरून बसणार आहे. बाकीचे जाता जाता.

त्या लिहितात, ‘रात्री दोघांचं भांडण झालं, सुनेनं ९११ला फोन केला आणि पोलीस मुलाला घेऊन गेले. आता तो मिलपिटासला एल्मवुडच्या जेलमध्ये आहे. त्याचा फोन येतो तेव्हा आम्ही मुद्दाम मराठीतच बोलतो, म्हणजे तिथल्या कुणाला काही कळायला नको. मी त्याला म्हटलं, तू घाबरू नकोस, मी तिची समजूत घालते आणि केस मागे घ्यायला लावते.’

ताई, परक्या देशात पोटचा पोरगा आत असताना आईचं काय होत असेल ते मला कळतं. पण हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

फोन जोडला जाताना इंग्रजीत एक सूचना वाजते ना? घाईत तुमचं तिकडे लक्ष जात नसेल. हा कॉल रेकॉर्ड होतोय, असं ती सांगत असते. ते रेकॉर्डिंग सरकारी वकिलाला, म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नीला, मागवता येतं आणि कोर्टात वापरता येतं. त्याला मराठी येत नसेल, दुभाष्याला येते. आणि सांता क्लारा काउंटीत मराठी जाणणारा माणूस मिळणं अवघड आहे, असं तुम्हाला वाटतं? इंडियन ग्रोसरीत दहा मिनिटं उभ्या राहा, कोथिंबिरीपाशीच दोन भेटतील.

आमच्या चुलत दिरांच्या मुलाचं सांगते. राज्य दुसरं, प्रकरण मारामारीचं. त्याची आई जेलच्या फोनवर म्हणाली, ‘तुझ्या कपाटातली ती पिशवी मी हलवलीय हं, कुणाच्या हाती लागायला नको.’ पिशवीत होतं मेतकूट आणि गोडा मसाला! रूममेट फस्त करायचा म्हणून बिचारीनं हलवली. ते वाक्य इंग्रजी होऊन कागदावर आलं आणि पोराच्या वकिलाची अख्खी दुपार मेतकूट म्हणजे काय हे पटवून देण्यात गेली. वकील तासावर पैसे घेतात.

तुमचं वाक्य तर मेतकुटापेक्षा कितीतरी महागात पडणारं आहे. मुळात केस सुनेची नाहीच, ती सरकारची आहे. चालवायची की सोडायची हे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी ठरवतो. आपल्याकडे चार वडीलधारी मंडळी पोलीस चौकीत जाऊन मिटवून येतात, तसं इथे चालत नाही. उलट साक्षीदाराला तक्रारीपासून किंवा साक्षीपासून मागे खेचणं हा कॅलिफोर्नियात वेगळा गुन्हा आहे, दंडसंहितेचं कलम १३६.१. तुम्ही मायेपोटी म्हणालात, पण कोर्टात वाजणार ते शब्द. शिवाय अशा प्रकरणात कोर्ट बहुतेक वेळा प्रोटेक्टिव्ह ऑर्डर काढतं. तशी निघाली असेल तर मुलानं सुनेला फोन करायचा नाही, चिठ्ठी पाठवायची नाही आणि तुमच्या तोंडून निरोपही द्यायचा नाही.

आणि राग मानू नका, पण एवढ्या लांबलचक पत्रात सून कशी आहे याबद्दल एक ओळ नाही. तिला लागलंय का? जेवतेय का? तिचं माणूस इथे कोण आहे? बे एरियात ‘मैत्री’ नावाची संस्था १९९१पासून आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, बायकांना अशा वेळी आधार देते. तिथे जायचं का, हे तिचं ती ठरवेल. तुम्ही फक्त समजूत घालायला जाऊ नका.

मग फोनवर बोलायचं काय? झोप लागते का, औषध मिळतं का, शाकाहारी जेवण मागितलंस का. तुमचा गुडघा, घरचा आंबा, पुण्यातला पाऊस. आमच्या सासूबाई ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या, ‘सगळे बरे? पाऊस झाला?’ एवढं विचारून फोन ठेवायच्या. आम्ही हसायचो, पण जेलच्या फोनला तीच रीत बरी. तो आपणहून त्या रात्रीचं काढू लागला तर ‘ते वकिलाशी बोल’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, फक्त वकिलाचा नंबर जेलकडे तसा नोंदवलाय ना, हे त्यालाच बघायला सांगा. आणि त्याच कॉलवर यजमानांना पुण्याहून जोडून घेता म्हणे! ते आजपासून बंद. तिघांच्या कॉलला तिथे मनाई असते. लक्षात आलं की फोन कट होतो, वर मुलाची फोनची सवलतही जाऊ शकते.

आता बाकीचं. पैसे नसतील तर कोर्ट पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चानं वकील, देतं. फुकटचा म्हणून नाकं मुरडू नका, ही मंडळी रोज त्याच कोर्टात उभी असतात. पण वकील कुठलाही असो, ‘लवकर सुटेल’ म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनचं विचारायचंच. कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. कबुलीनं हद्दपारीचा धोका आहे का, हे वकिलानं सांगितलंच पाहिजे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१०मध्ये पॅडिला खटल्यात म्हटलंय.

भारताच्या कॉन्सुलेटला, म्हणजे वकिलातीला, कळवायचा हक्क त्याला १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६नं दिलाय. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात २०१९ला हेगच्या न्यायालयानं पाकिस्तानला खडसावलं, ते याच कलमावरून. मात्र ‘कळवा’ असं मुलानं स्वतः सांगावं लागतं, आणि कॉन्सुलेट त्याला सोडवून आणत नाही.

बेल बाँडवाल्याला, म्हणजे पैसे घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याला, द्याल ती रक्कम, साधारण बेलच्या दहा टक्के, परत येत नाही. बेलची पूर्ण रक्कम कोर्टात भरली आणि तो प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर ती मिळते. जेलच्या साइटवर नाव सापडत नसेल तर पासपोर्ट काढून बघा, वडिलांचं नाव त्याच्या नावाला चिकटलेलं असेल. तसंच्या तसं टाका.

‘मंडळातल्या लोकांना काय सांगू?’ काही नाही. गणपतीची वर्गणी द्या, पावती घ्या आणि घरी या.