सव्वादोन लाखांचा इंद्रजालचा गठ्ठा: एफडी मोडावी का?

सांगलीच्या गावभागातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय 36, पगार हातात 52 हजार, गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च 40 हजार, मुलगी सहा वर्षांची. बँकेत 4 लाखांची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. मिरजेतले एक गृहस्थ त्यांचा संग्रह 2 लाख 25 हजारांना एकगठ्ठा द्यायला तयार आहेत: इंद्रजाल कॉमिक्सचे 300 अंक आणि जुन्या मराठी भयकादंबऱ्यांचं एक कपाट. 90 अंक वाचकाकडे आधीपासूनच आहेत. ‘मुलीच्या शिक्षणापर्यंत किंमत तिप्पट होईल, म्हणून एफडी मोडतो,’ असं ते लिहितात.

नमस्कार. एफडी मोडू नका आणि गठ्ठा घेऊ नका. त्यातले निवडक अंक मात्र जरूर घ्या. वेताळ, मँड्रेक आणि बहादूर या इंद्रजालच्या नायकांवर तुम्ही जे दोन पानं भरून लिहिलंय, ते वाचून ही हौस सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही.

आधी एफडीचं बघू. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तो 2 लाख 40 हजार होतो. गठ्ठा घेतलात तर उरतील 1 लाख 75 हजार, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज कापलं जाईल ते वेगळं. नोकरीत किंवा दवाखान्यात काही उद्भवलं तर कॉमिक्स तारण ठेवून बँक कर्ज देत नाही.

आता किमतीचं. कादंबऱ्यांचे 45 हजार बाजूला काढले तर अंकाला सरासरी 600 रुपये पडतात. म्हणजे जे 90 तुमच्याकडे आहेत, त्यांच्यासाठीच तुम्ही पुन्हा 54 हजार मोजणार. इंद्रजाल 1964 साली सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. संग्राहक धडपडतात ते सुरुवातीच्या अंकांसाठी. नंतरचे अंक रद्दीवाल्याकडेही सापडतात. गठ्ठ्याच्या भावात हा फरक बुजून जातो. एखाद्याने बाइंडिंग करून घेताना कडा कापल्या असतील, पिना गंजून पानावर डाग उतरला असेल, तर चांगल्या अंकाचीही किंमत उतरते.

सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो 1938 सालचा अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, हा तुमचा दाखला खरा आहे. पण तिकडे अंकाची स्थिती तपासून, गुण देऊन तो सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत, लिलावाचे भाव सर्वांना दिसतात. आपल्याकडे भाव ठरतो ओळखीच्या दहा-वीस संग्राहकांत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढे मिळणाऱ्या गिऱ्हाइकाची. इंद्रजालवर वाढलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. तुम्हाला 12 वर्षांनी विकायचं असेल, तेव्हा त्यांच्यापैकी बरेच जण स्वतःच विकायला निघालेले असतील. मुलीच्या फीची तारीख आणि गिऱ्हाईक मिळण्याची तारीख जुळेलच असं नाही.

भयकादंबऱ्यांचं सोपं आहे. नारायण धारपांची पुस्तकं नव्या आवृत्त्यांत मिळतात. वाचायला त्या घ्या. जुनी प्रत फक्त मुखपृष्ठासाठी जीव अडकला असेल तिथेच.

आणि तुम्ही तळमजल्यावर राहता. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 आहे. 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं. भिजलेल्या न्यूजप्रिंटचा लगदा होतो. घराच्या विम्यात दुर्मीळ वस्तूंसाठी वेगळं कव्हर मागावं लागतं, मूल्य आधी ठरवून. तोवर सगळे अंक वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा, हे आजच करा.

घ्यायचं कसं? दरमहा 3 हजारांची वेगळी आरडी काढा, ती फक्त या छंदाची. मुलीसाठीची एसआयपी त्याच्या आधी सुरू व्हायला हवी, रक्कम किमान तेवढीच. दरम्यान तुमच्याकडचे दुबार अंक असतील तर दहा विकायला काढा. हातात प्रत्यक्ष किती पडले, त्यावरून बाजार कळेल.

तुमच्याकडे नसलेल्या अंकांची यादी मिरजेच्या काकांना द्या आणि त्यातले पहिले 40 आधी मागा, भाव अंकागणिक ठरवा. पैसे हप्त्याने चालतील का तेही विचारा. संग्रह फुटू नये अशी त्यांची इच्छा असेल आणि त्यांनी नकार दिला, तर वाईट वाटेल हे मला कळतं. तरीही सगळा गठ्ठा उचलू नका.