नास्तिक तत्त्वज्ञ अँटनी फ्लू म्हातारपणी खरंच आस्तिक झाले होते का?

हो, झाले. पण ख्रिस्ती झाले नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

फ्लू हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाचे चिरंजीव. जगात एवढं दुःख असताना सर्वशक्तिमान, दयाळू देव कसा, या प्रश्नावर पंधराव्या वर्षीच त्यांची श्रद्धा सुटली. पुढे 1950 च्या त्यांच्या छोट्या निबंधाने सगळ्या धर्मचर्चेला कोंडीत धरलं: काय घडलं तर देव नाही असं तुम्ही मान्य कराल? काहीही घडलं तरी ‘देव आहे’ हे विधान खरंच राहणार असेल, तर ते सांगतं तरी काय? नंतर त्यांनी असंही मांडलं की पुरावा देण्याची जबाबदारी देव मानणाऱ्याची. तो मिळेपर्यंत नास्तिकतेपासूनच सुरुवात करायची.

2001 मध्ये ते बदलल्याची अफवा उठली, ती त्यांनी स्वतः खोडून काढली. 2004 मध्ये मात्र बदल जाहीर केला. तेव्हा ते 81 वर्षांचे होते.

त्यांनी मानलेला देव अ‍ॅरिस्टॉटलच्या धाटणीचा: सृष्टीमागची एक बुद्धी, बस. तो प्रार्थना ऐकत नाही, ग्रंथ पाठवत नाही, पापपुण्याचा हिशेब ठेवत नाही. मरणोत्तर जीवन फ्लूंनी नंतरही मानलं नाही.

कारण म्हणून ते डीएनएची गुंतागुंत सांगत. त्यांनी उत्क्रांती नाकारली, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. नैसर्गिक निवड चालायला स्वतःची प्रत काढणारं काहीतरी आधी असावं लागतं. ते पहिलं कुठून आलं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत कच्चा दुवा, कारण विज्ञानाला अजून न सापडलेल्या उत्तराच्या जागी देव बसवला की पुढच्या शोधाबरोबर तो हलतो. निर्जीवातून सजीव कसं आलं याबद्दल विचारात घेण्याजोगे सिद्धांतच नाहीत असं समजण्यात आपली चूक झाली, हे 2004 च्या अखेरीस त्यांनी एका पत्रात कबूल केलं. देवाबद्दलचं मत मात्र बदललं नाही.

खरा वाद या मतबदलावरच्या 2007 च्या पुस्तकाचा. त्यावर नाव त्यांचं, पण लेखन मुख्यतः सहलेखक रॉय अब्राहम व्हर्गीस यांचं. न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकासाठी मार्क ओपनहायमर त्यांना भेटले, तेव्हा पुस्तकात आलेली काही नावं आणि युक्तिवाद फ्लूंना आठवत नव्हते. वयामुळे लेखन दुसऱ्याने केलं, मतं माझीच, असं फ्लूंनी निवेदन दिलं. म्हणून या पुस्तकातली वाक्यं त्यांच्या तोंडची म्हणून उद्धृत करताना जपावं. येशूच्या पुनरुत्थानावरचं परिशिष्ट तर एन. टी. राइट या बिशपचं आहे. तेही फ्लूंच्या नावावर खपवलं जातं.

पण "म्हातारचळ लागला होता" म्हणून सगळंच उडवून लावणंही अन्यायाचं. 2004 ची गॅरी हॅबरमास यांनी घेतलेली मुलाखत वाचा. तिथे फ्लू स्वतः उत्तरं देतात, ख्रिस्ती मुलाखतकाराचे मुद्दे जागोजागी नाकारतात. आधी 1950 चा निबंध, मग ही मुलाखत, आणि पुस्तक सर्वांत शेवटी.