आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं का होतं?

प्रश्न : रोज कढत पाण्याने पंधरा-वीस मिनिटं आंघोळ करते. अंग वाळलं की नडग्या ओढल्यासारख्या होतात, नख लागलं तर पांढरी रेघ उमटते, रात्री खाज सुटते. भरपूर पाणी पिऊनही फरक नाही. वय ५२.

उत्तर : पाणी जरूर प्या, पण या कोरडेपणावर तो उपाय नव्हे. पाणी कमी पडतंय ते त्वचेच्या सगळ्यात वरच्या, कागदाहून पातळ थरात. त्या थरातल्या पेशींच्या सांध्यांत सिरॅमाइड (त्वचेतला एक मेद), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा लेप असतो. तोच आतला ओलावा धरून ठेवतो. कढत पाणी आणि साबण मिळून नेमका तोच धुऊन काढतात. नडग्यांवर तेलग्रंथी मुळात कमी आणि वयानुसार तेलही घटतं, म्हणून त्रास तिथून सुरू होतो.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहा, जेमतेम कोमट लागायला हवं. आंघोळीनंतर अंग लालसर दिसत असेल तर ते जास्तच गरम होतं. पाच ते दहा मिनिटांत आटपा. खाजणाऱ्या जागी गरम पाणी घेतलं की बरं वाटतं हे खरं, पण थोड्याच वेळात खाज पुन्हा उसळते.

साबण काखा, जांघा आणि पावलांपुरताच ठेवा. घाम-धूळ नसेल तर हातपाय आणि पाठ नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. त्याऐवजी बिनसुगंधी सिंडेट वडी घ्या, म्हणजे साबणाऐवजी सौम्य कृत्रिम क्षालकाची वडी. फेस कमी आला तर घाबरू नका, फेसावर स्वच्छता ठरत नाही. घासणी मात्र बंदच करा. पांढुरका कोंडा घासून निघाल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक दिसतो, कारण खालची कच्ची त्वचा उघडी पडलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंचाने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावा. पूर्ण वाळल्यावर लावलं तर धरून ठेवायला ओलावाच उरलेला नसतो. लोशनमध्ये पाणी जास्त, म्हणून नडग्यांना दाट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली बरी. बहुतेकजण फार कमी लावतात. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पायाला, पाऊल सोडून, अशा सहा रेघा लागतात. लवेच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा. उलटं चोळल्याने केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येऊ शकतात. रात्री झोपताना पुन्हा एकदा लावा.

प्रश्न : तेल आंघोळीआधी लावावं की नंतर?

उत्तर : नंतर, ओल्या अंगावर. आधी लावलेलं तेल साबणाचा मारा थोडा झेलतं, पण मग तेच साबणाने काढून टाकलं तर उरलं काय? तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही, इतकंच. तळव्यांना लावलंत तर न्हाणीघरात उभं राहून नको. फरशी निसरडी होते.

प्रश्न : युरियाचं क्रीम लावलं की झोंबतं. बंद करू का?

उत्तर : चिरलेल्या जागी झोंबणारच. तिथे आधी चार-पाच दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावा, चिरा मिटल्या की ५ ते १० टक्के युरिया (त्वचेत ओलावा धरणारा घटक) असलेल्या क्रीमवर या. अखंड त्वचेवरही आग होत असेल तर ते क्रीम सोडा. चिरांतून रक्त किंवा पू येत असेल, खाजेने झोप मोडत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अंगावर काहीच दिसत नसताना सर्वांगाला खाज येत असेल तरीही थांबू नका. मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडच्या आजारातही अशी खाज येते आणि ती रक्ततपासणीशिवाय कळत नाही.