कड्यांतील घरे आणि जुनी चित्रकार्डे

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत अमेरिकेतील तीन जुनी चित्रकार्डे मिळाली. तिन्हींवर उंच कड्याच्या पोटातील दगडी घरे दिसतात. पहिल्या, रंगीत कार्डावर ‘क्लिफ पॅलेस, मेसा व्हर्डे नॅशनल पार्क’ असे छापले असून मागील बाजूस मधोमध उभी रेघ आहे. दुसऱ्या, तपकिरी कार्डावर ‘क्लिफ ड्वेलिंग्ज, मॅनिटू’ असे लिहिले आहे. त्याच्या मागे तिकिटाच्या चौकटीत ‘अझो’ ही अक्षरे व टोक वर असलेले चार त्रिकोण आहेत. तिसऱ्याचा पोत कापडासारखा असून त्यावर ‘माँटेझुमा कॅसल’ हे नाव आणि ‘५ए-एच’ने सुरू होणारा क्रमांक आहे. एकाही कार्डावर टपालाचा शिक्का नाही. ही एकाच ठिकाणची लेणी आहेत का, आणि कार्डे किती जुनी असावीत? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ही तीन वेगळी ठिकाणे आहेत आणि त्यांतले एकही लेणे नाही. अजिंठ्याप्रमाणे येथे खडक कोरलेला नसून, कड्यात निसर्गतः तयार झालेल्या खोल कपारींत दगड, माती आणि लाकडी तुळया वापरून घरे बांधलेली आहेत.

क्लिफ पॅलेस हे कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. आजच्या पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत बांधलेल्या या वस्तीत सुमारे १५० खोल्या आणि ‘किवा’ नावाची वीसहून अधिक गोल विधिगृहे आहेत. मेसा व्हर्डे १९०६ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि पत्ता व मजकूर यांच्यामध्ये रेघ असलेली कार्डे अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून चालू लागली, त्यामुळे आपले कार्ड त्यानंतरचेच आहे. चित्राभोवती पांढरी किनार असल्यास ते बहुधा १९१५ नंतरचे मानावे. चित्र मात्र त्याहून जुने असू शकते, कारण प्रकाशक एकच काचेची निगेटिव्ह वर्षानुवर्षे वापरीत. पुरातत्त्वज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १९०९ मध्ये तेथील ढिगारे उपसून भिंतींची डागडुजी केली. म्हणून भिंतींच्या पायाशी पडझडीच्या दगडांचा उतार दिसत असेल, तर छायाचित्र त्यापूर्वीचे समजावे. रंगांवरून मात्र काहीही ठरवू नये. अशा बहुतेक कार्डांचे मूळ छायाचित्र कृष्णधवल असे आणि रंग छापखान्यात चढवले जात.

खरी मेख दुसऱ्या कार्डात आहे. मॅनिटूची घरे अस्सल दगडांची आहेत, पण ती जागा अस्सल नाही. राज्याच्या नैर्ऋत्येकडील मॅकएल्मो खोऱ्यातल्या पडक्या वस्तीचे दगड रेल्वेने आणून, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या एका कड्याखाली ती पुन्हा रचण्यात आली आणि १९०७ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली. त्या कड्यात पुएब्लो पूर्वज कधीच राहत नव्हते. मेसा व्हर्डेचा प्रवास तेव्हा फार खडतर होता, तर मॅनिटू हे आधीच गजबजलेले पर्यटनस्थळ होते. साहजिकच तेथील कार्डे भरपूर छापली गेली, आणि नुसते ‘क्लिफ ड्वेलिंग्ज’ एवढेच शीर्षक असले की आजही विक्रेते ती सर्रास मेसा व्हर्डेची म्हणून विकतात. घरांशेजारी पुएब्लो धाटणीची मजली इमारत दिसली, तर ती मॅनिटूच्या संग्रहालयाची व दुकानाची आहे हे ओळखावे. ‘अझो’ हे छायाचित्राच्या कागदाचे नाव असून चारही त्रिकोण वर टोक केलेले असल्यास तो कागद साधारण १९०४ ते १९१८ या काळातला असतो. आपल्या बाबतीत १९०७ ही खालची मर्यादा आपोआप ठरते. भिंगातून पाहिल्यावर छपाईचे ठिपके दिसले नाहीत, तर ते थेट निगेटिव्हवरून काढलेले खरे छायाचित्र आहे, आणि तिघांत मला तेच अधिक मोलाचे वाटते.

तिसरे कार्ड सर्वांत सोपे आहे. तो क्रमांक शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीच्या पद्धतीचा आहे : ‘ए’ म्हणजे १९३० चे दशक, त्याआधीचा ५ म्हणजे १९३५ आणि ‘एच’ म्हणजे कापडी पोताची छपाई. अ‍ॅरिझोनातील ही पाच मजली, वीस खोल्यांची इमारत सिनाग्वा लोकांची आहे. अ‍ॅझ्टेक राजा माँटेझुमा याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. कार्डावर शिड्यांवरून चढणारी माणसे असतील तर नवल वाटू देऊ नये, कारण १९५१ पर्यंत पर्यटकांना आत जाता येत असे.

एक सावधगिरी सांगतो. अशा कार्डांच्या मागे हे लोक ‘गूढरीत्या लुप्त झाले’ असे छापलेले पुष्कळदा आढळते. ते खरे नव्हे. १२७६ ते १२९९ या दीर्घ अवर्षणाच्या काळात, आणि इतरही कारणांनी, त्यांनी मेसा व्हर्डे सोडले व ते दक्षिणेकडे सरकले. होपी, झुनी आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या पुएब्लो गावांत त्यांचे वंशज आजही राहतात.

कार्डे लॅमिनेट करू नयेत आणि डिंकाने वहीत चिकटवू नयेत. आम्लरहित कागदी किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवलेल्या बंद डब्यात ती ठेवावीत. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत, कारण त्यांतून निघणारी द्रव्ये छायाचित्राला हानी पोहोचवतात.