उरुशीच्या वर्कशॉपला जाताय? आधी भांड्यात काय आहे ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात बारा दिवस, टोकियो, कानाझावा, क्योटो. सोबत नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. अर्धा दिवस काढून जपानी लाखकाम, म्हणजे उरुशीचं काम, स्वतःच्या हाताने करून बघायचंय. कुठे करावं, किती पैसे लागतील, आणि मुलीला आंब्याचा चीक लागला की ओठांवर फोड येतात, तर तिला चालेल का?

शेवटून सुरुवात करते. तो मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

याला आपण 'लाखकाम' म्हणतो तिथेच गडबड होते. आपली लाख किड्यापासून येते. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर असते तीच. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, त्रास कुणालाच नाही. जपानी उरुशी म्हणजे झाडाचा चीक. आणि ते झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं! ज्यांनी घरात कुणाला बिब्बा उतलेला पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. अंगावर उठवणाऱ्या त्या द्रव्याला उरुशिओल म्हणतात, नावच उरुशीवरून पडलंय. आंब्याच्या सालीत आणि चिकात त्याचीच भावंडं असतात. त्यामुळे आंब्याने ओठ सुजणाऱ्या मुलीला ओल्या, अस्सल उरुशीजवळ बसवू नका. हातमोजे घातले तरी नको.

हातमोज्यांचं सांगते ते अनुभवाने. मी नागोयात राहते. पहिल्या वर्षी किसो-हिरासावाला गेले होते. नागानो प्रांतातलं छोटं गाव आहे, बरीच घरं या धंद्यातली. १९९८च्या नागानो ऑलिंपिकच्या पदकांवर याच भागातल्या कारागिरांचं काम होतं. तिथे लाकडी चमच्यावर फुकि-उरुशी केली. म्हणजे कच्ची उरुशी लाकडात चोळायची आणि लगेच पुसून काढायची. वाटीतली उरुशी आधी दुधाच्या चहासारखी दिसत होती, वास किंचित आंबूस. गप्पा मारता मारता ती काकवीसारखी काळपट झाली, हवा लागली की होतेच. रबरी मोजे, अॅप्रन, बाह्यांवर पट्ट्या, सगळा जामानिमा होता. फक्त मोज्याच्या काठाला अडत होती म्हणून मी बांगडी दोन वेळा वर सारली. त्याच मोज्याने. तिसऱ्या दिवशी मनगटावर बांगडीच्या जागी लाल कडं उठलं, मग त्यावर पाण्याचे बारीक फोड, आणि खाज अशी की रात्री बर्फाची पिशवी घेऊन बसले होते. पंधरा दिवस गेले. लहानपणी मला बिब्बा उतला होता, हे तेव्हा आठवायला हवं होतं!

म्हणून तुम्हालाही सांगते, अस्सल उरुशी हाताळणार असाल तर बांगड्या, घड्याळ, अंगठी घरीच. चुकून कातडीला लागलीच तर नुसत्या पाण्याने चोळत बसू नका. आधी खाद्यतेलाने पुसा, मग साबण. कारागीर आपले ब्रशसुद्धा तेलानेच साफ करतात. त्रास लगेच होत नाही, एकदोन दिवसांनी होतो, तेव्हा 'काही झालं नाही' असं त्याच संध्याकाळी जाहीर करू नका. पूर्ण वाळलेल्या उरुशीची भीती मात्र नको. त्या वाटीतून तुमची मुलगी खुशाल सूप पिऊ शकते.

आता चांगली बातमी. प्रवाशांसाठी तासा-दीड तासाची जी वर्कशॉप्स असतात, त्यांत बहुतेक ठिकाणी अस्सल उरुशी नसतेच. एखादा कृत्रिम रंग असतो, नाहीतर 'काश्यू' नावाचा. हा काश्यू म्हणजे आपला काजू! काजूच्या टरफलातलं जे तेल आपल्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात सोलून काढतं, त्यावर प्रक्रिया करून जपान्यांनी उरुशीसारखा दिसणारा, हवेत वाळणारा रंग केला. त्याने उठण्याचा धोका बराच कमी असतो, अगदी शून्य नाही. त्यामुळे बुकिंग करताना एकच वाक्य विचारा: 'होन-उरुशी देसु का?' म्हणजे अस्सल उरुशी आहे का. उत्तर 'हो' आलं तर तुमच्यासाठी उत्तम, मुलीसाठी नको. 'नाही' आलं तर उलट. मुलीच्या अॅलर्जीचंही तिथेच सांगा. नीट चालवलेल्या जागी याचं कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट हायसं वाटतं त्यांना.

काश्यू किंवा कृत्रिम रंग म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. अस्सल उरुशी अर्ध्या दिवसात वाळत नाही, त्याला कोण काय करणार. आणि 'वाळणं' हा शब्दही इथे चुकीचाच. रंग वाळतो तो पाणी उडून जातं म्हणून. उरुशीत एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकाची घट्ट जाळी विणतं, आणि त्याला दमट हवा लागते. साधारण २०-२५ अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता. म्हणून कारागिराकडे लाकडी कपाट असतं, आतून ओलसर केलेलं. त्याला म्हणतात 'फुरो', म्हणजे चक्क न्हाणीघर. आपल्याकडे श्रावणात दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. उरुशी नेमकी तसल्याच हवेत वाळते. लेप, फुरो, घासणं, पुन्हा लेप, असं करत वाजिमा या उरुशीसाठी प्रसिद्ध गावातल्या एका वाटीला शंभराच्या वर पायऱ्या होतात. एका झाडाला दहा-पंधरा वर्षं वाढवून एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो, आणि मग बहुतेक वेळा ते झाड तोडतात. जपानात वापरली जाणारी ९० टक्क्यांहून जास्त उरुशी बाहेरून येते, मुख्यतः चीनमधून. दुकानात वाटीची किंमत बघून डोळे पांढरे होतील तेव्हा हे आठवा.

तुमच्या वाटेवर काय करता येईल? तिकडे एक म्हण आहे, साधारण अशी: लाकूड यामानाकाचं, लेप वाजिमाचा, माकिए कानाझावाचं. तिन्ही गावं इशिकावा प्रांतातलीच, म्हणजे तुम्ही योग्य मुलखात जाताय.

कानाझावात माकिए करा. तयार काळ्या ताटलीवर किंवा वाटीवर बारीक ब्रशने चित्र काढायचं आणि ते ओलं असतानाच त्यावर धातूची पूड भुरभुरायची. पूड घालायला बोटाएवढी नळी असते, तिच्या एका तोंडाला रेशमी जाळी. नळी आडवी धरून तर्जनीने टिचक्या मारायच्या. रांगोळी घालणारा हात असेल तर तुम्हाला वाटेल हे आपल्याला येतं. मलाही वाटलं होतं! पण इथे चिमटीतून सोडायचं काही नाही, सगळं टिचकीवर आहे. टिचकी जोरात पडली की पुडीचा ढीग, हळू पडली की रेषा उपाशी. माझ्या फुलाच्या तीन पाकळ्या गरगरीत आणि दोन कुपोषित झाल्या. मुख्य म्हणजे ब्रशची रेषाच जाड असेल तर पूड ती लपवत नाही, उलट चमकवून दाखवते. पारंपरिक माकिएचे ब्रश उंदराच्या केसांचे आणि लेपाचे ब्रश माणसाच्या केसांचे असतात. लेपाच्या ब्रशचे केस पेन्सिलीतल्या शिशासारखे मुठीत आतपर्यंत गेलेले असतात, झिजले की लाकूड तासून नवं टोक काढायचं. वर्कशॉपमध्ये तुमच्या हातात अर्थातच साधा ब्रश येईल. माणशी दोन ते चार हजार येन धरून चला, वस्तू कोणती निवडता त्यावर आहे.

एक सावधगिरी. कानाझावा सोन्याच्या वर्खासाठी प्रसिद्ध आहे, देशातला जवळजवळ सगळा वर्ख तिथलाच. त्यामुळे डब्यावर किंवा चॉपस्टिकवर वर्ख चिकटवायची वर्कशॉप्स पावलोपावली दिसतील. मजा येते, मुलांना तर फारच. पण ते उरुशीचं काम नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

मुलीसाठी मात्र माझी शिफारस चॉपस्टिक घासण्याची. कानाझावाहून क्योटोला जाताना आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते (२०२४च्या मार्चपासून शिंकानसेन तिथपर्यंत आली). तिथून ओबामा नावाचं गाव साधारण तासाभरावर आहे. हो, नाव तेच. वाकासा-नुरी, म्हणजे तिकडच्या पद्धतीच्या लाखकामाच्या, चॉपस्टिक तिथल्या. शंख-शिंपल्यांचे आणि अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवून वर लेपांचे थर चढवलेले असतात. तुम्हाला हातात मिळते एक मळकट, एकरंगी काडी. ती पाण्यात बुडवून घासत बसायचं, आणि हळूहळू खालून लाल, सोनेरी, शिंपल्याचा निळा-हिरवा वर यायला लागतो. थर आधीच वाळलेले, त्यामुळे ओल्या चिकाचा संबंध येत नाही. माझ्या भाचीने हे केलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. एका जागी अख्खा पाऊण तास बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. फक्त थांबायचं कुठे ते सांगावं लागतं, नाहीतर पोरं लाकडापर्यंत पोचतात.

वाजिमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यादीत येईलच. १ जानेवारी २०२४च्या भूकंपात आणि आगीत तिथल्या सकाळच्या बाजाराचा परिसर जळाला, सप्टेंबरात पुन्हा अतिवृष्टी. तिथपर्यंत रेल्वेही नाही. मुलीला घेऊन, अर्ध्या दिवसात, तुमच्या आखणीत हे बसत नाही. वाजिमाची एखादी वस्तू घ्यायची असेल तर कानाझावातच घ्या, पैसे तिथल्या माणसांपर्यंत पोचतील.

टोकियोत किन्त्सुगीच्या जाहिराती खूप दिसतील. त्यावर माझा राग आहे तो सांगूनच टाकते. फुटलेला कप सोन्याने सांधायचा, दीड-दोन तास, माझे नऊ हजार येन गेले. बाहेर पडताना हातात कागद दिला: यात खाऊ-पिऊ नये. सांधायला इपॉक्सी (कृत्रिम गोंद) होतं आणि सोनं म्हणजे पितळेची पूड! बुकिंगच्या पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. खऱ्या किन्त्सुगीत गव्हाच्या पिठात उरुशी मळून त्याने तुकडे जोडतात, ते आठवडाभर किंवा जास्त ठेवतात, मग भराव, घासणं, लेप, शेवटी सोनं. महिना-दोन महिने सहज. प्रवाशाला ते शक्य नाही हे मान्य, पण मग तसं आधी सांगा ना. तुम्हाला शोभेची वस्तू चालणार असेल तर जरूर करा, कप म्हणून वापरायची असेल तर आधी विचारा.

शेवटचं, वस्तू हातात कधी मिळणार ते. कृत्रिम रंगाची बहुधा त्याच दिवशी मिळते, एकदोन दिवस जपायची. अस्सल उरुशीची फुरोत राहते आणि दोन-चार आठवड्यांनी पोस्टाने येते. भारतात पाठवतात का ते पैसे भरायच्या आधी विचारा, अनेक जण फक्त जपानातला पत्ता घेतात. ओळखीचं कुणी इथे असेल तर त्यांचा द्या, नसेल तर मला निरोप करा, डिसेंबरात मी पुण्याला येणार आहे. घरी गेल्यावर मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि तारेची घासणी यांपासून दूर ठेवा, खिडकीतल्या उन्हातही नको. गरम आमटीला काही होत नाही. किसोचा तो चमचा मी रोज वापरते. आणला तेव्हा जवळजवळ काळा होता, आता उरुशी वर्षागणिक पारदर्शक होत चालल्याने आतल्या लाकडाच्या रेषा दिसायला लागल्यात.